दुसरं चेंबर

लग्नात अण्णांच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून आमच्या सोसायटीत चढाओढ असते. मांडवात नवरी आली, की अण्णा तिच्या शालूकडे डोळे बारीक करून बघतात आणि तापमान सांगतात.

"आठशे. डाळिंबी म्हणजे आठशेच. करवली बघ, केशरीत आहे. एक हजार पन्नास. आणि ती पिवळ्यातली विहीणबाई अकराशेच्या वर गेलीय. लांबूनच नमस्कार कर."

हे सगळे अंश सेल्सियस. तीस वर्षं भट्टीच्या भोकातून आत डोकावलेल्या माणसाला कुठलाही रंग नुसता रंग म्हणून दिसत नाही. एकदा आम्ही दोघं सिंहगडावर सूर्यास्त बघत होतो. आजूबाजूची माणसं गप्प झाली होती, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. अण्णा हळूच म्हणाले, "हवा कमी पडतेय."

अण्णा कचरा जाळण्याच्या यंत्रांचे घाऊक व्यापारी आहेत. पुण्यात घाऊक म्हटलं, की मार्केट यार्डातला गूळ डोळ्यांपुढे येतो, बोहरी आळीतले नटबोल्ट येतात. घाऊक भट्ट्या घेणारा माणूस काही केल्या येत नाही. "तुमचं गिऱ्हाईक कोण?" असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"जो कचरा करतो तो," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "पण तो स्वतः कधी घेत नाही. त्याच्या नावानं दुसराच कोणी घेतो."

हा दुसराच कोणी म्हणजे तालुक्याच्या गावचा सप्लायर. शाळेला बाक, फळे, घसरगुंड्या आणि दवाखान्याला खाटा, सलाईनचे स्टँड पुरवणारा. त्याच्या छापील यादीत घसरगुंडीच्या खाली आणि पाण्याच्या टाकीच्या वर भट्टी असते. माल अहमदाबादच्या वटव्याहून निघतो, भोसरीच्या गोडाउनात उतरतो आणि तिथून बार्शी, परभणी, चाळीसगाव असा फुटतो. मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅडसाठी भिंतीला लावतात ती विजेवरची छोटी यंत्रं खोक्यांतून येतात. ती अण्णा डझनावारी विकतात. मोठी भट्टी ट्रकवर आडवी निजून येते, तिला क्रेन लावून उठवावं लागतं. "छोट्यावर घर चालतं, मोठीवर इज्जत," हे अण्णांचं धंद्याचं सार.

गोडाउनात शिरलं, की डाव्या हाताला फायरब्रिकची थप्पी आणि उजव्या हाताला अण्णांचं टेबल. भट्टीला आतून याच विटांचं अस्तर असतं. नवा लॉट आला, की अण्णा एकेक वीट उचलतात, कानाशी धरतात आणि खिशातल्या नाण्यानं टकटक करतात. खणखणीत वाजली तर पास. भद्द वाजली तर आत कुठंतरी चीर आहे, बाजूला ठेवायची. हे नाणं अण्णांनी माठावर वाजवलंय, कलिंगडावर वाजवलंय, नव्या घराच्या भिंतीवरही वाजवलंय. काकू सांगतात, "थोरलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा समोर येऊन बसला आणि ह्यांचा हात खिशाकडे गेला. मी वेळेवर धरला म्हणून."

टेबलावर कागदांचा एक गठ्ठा कायम असतो. त्यातला एकही कागद कोरा नाही. जुन्या लग्नपत्रिका, नातवाच्या उत्तरपत्रिका, कुठल्याशा पतसंस्थेचे अहवाल, सगळं पाठकोरं. त्याच्या कोऱ्या बाजूला अण्णा स्वतःच्या हातानं कोटेशन लिहितात आणि माल घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याकडं देतात. व्हॉट्सॲपवर भाव पाठवायचा नाही हा त्यांचा नियम. "मोबाइलवरचा भाव दहा मिनिटांत चार डीलरांकडं जातो. कागद कोण फॉरवर्ड करतंय?" त्यामुळं एखाद्या ग्रामपंचायतीच्या फायलीत पुढून भट्टीचा दर आणि मागून 'चि. सौ. कां.' असा मजकूर लागलेला असतो. जन्मभर जाळायची यंत्रं विकणाऱ्या या माणसानं स्वतः एक कागद जाळल्याचं मी पाहिलेलं नाही.

भट्टी कशी चालते ते अण्णांनी मला डब्यातल्या पोळीभाजीवर शिकवलं. "हा खालचा डबा म्हणजे पहिलं चेंबर. इथं कचरा जळतो, आठशे अंशाला. लोकांना वाटतं, झालं. झालं काहीच नाही. कचरा गेला आणि धूर झाला. अर्धवट जळलेलं सगळं विष त्या धुरात. तो धूर वरच्या डब्यात न्यायचा. हे दुसरं चेंबर, एक हजार पन्नासला. आणि इथं त्याला दोन सेकंद डांबायचा. दोन सेकंद! मग तो स्वतःच जळतो. कचरा कोणीही जाळील रे, धूर जाळता आला पाहिजे."

हे आकडे त्यांच्या मनातले नाहीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले आहेत. दोन्ही आकड्यांना पन्नास अंश इकडंतिकडं चालतं. १९९८ च्या नियमांत दुसऱ्या चेंबरमधला मुक्काम एकाच सेकंदाचा होता, २०१६ च्या नियमांनी तो दोन केला. २०१६ म्हटलं, की तुम्हाआम्हाला नोटाबंदी आठवते. अण्णांना तो जादा सेकंद आठवतो. "देशानं एक सेकंद थांबायचं ठरवलं," असं ते अजून गहिवरून सांगतात.

हा सेकंद त्यांनी अंगातही मुरवून घेतला आहे. सोसायटीच्या सभेत टँकरवरून भांडण पेटलं होतं. एक निवृत्त साहेब उठून म्हणाले, "धूर विकून पोट भरणाऱ्यांनी आम्हाला शुद्ध पाण्याच्या गोष्टी सांगू नयेत!" सगळी सभा अण्णांकडं वळली. अण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या गळ्याची गाठ एकदा वर गेली, एकदा खाली आली. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, तुमच्या पार्किंगमधली जुनी गादी काढली तर टँकर आत येईल." सभा संपली. साहेब स्वतः गादी ओढत निघाले.

मी काकूंपाशी कौतुक केलं. काकू म्हणाल्या, "ते दोन सेकंद मीटिंगपुरते. घरी आल्यावर सगळा धूर थेट चिमणीतून."

व्यापारी माणूस विकायला बसलेला असतो, असा माझा समज होता. अण्णांच्या गोडाउनात बसायला लागल्यापासून तो डळमळला. एकदा एक डॉक्टर आले. दोन मजली हॉस्पिटल, दहा खाटा. "मागच्या बाजूला छोटी भट्टी बसवू म्हणतो, रोजची कटकट नको."

"तुमच्या जिल्ह्यात कचरा उचलणारी सामायिक केंद्राची गाडी येते का?"

"येते ना. तिचीच तर कटकट."

"मग तुम्हाला भट्टी लावता यायची नाही. पंच्याहत्तर किलोमीटरच्या आत केंद्र असलं, की स्वतःचं यंत्र बसवायला बंदी आहे. आणि बंदी नसती तरी चिमणी तीस मीटर लागते. म्हणजे दहा मजले. तुमचं हॉस्पिटल दोन मजल्यांचं. पेशंट चिमणी बघून परत जाईल हो."

डॉक्टर हसले नाहीत. अण्णांना मात्र लय सापडली होती. "शिवाय जाळणार काय? पिशव्या चार रंगांच्या. पिवळी, लाल, पांढरी, निळी. आगीत जाते ती पिवळी. लाल पिशवीतलं प्लास्टिक जाळायचंच नसतं, ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुढं पुनर्वापराला द्यायचं. तुम्ही सगळं एकाच बादलीत टाकत असणार. क्लोरीनवालं प्लास्टिक आगीत गेलं, की डायॉक्सिन. त्याची मर्यादा किती माहीत आहे? घनमीटरला शून्य पॉइंट एक नॅनोग्रॅम. ग्रॅमचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचा दहावा हिस्सा."

डॉक्टर गेले. गोडाउनातला पोऱ्या हिरमुसला. "अण्णा, अशानं धंदा कसा व्हायचा?"

"आज मशीन दिलं असतं. उद्या नोटीस आली असती. नोटिशीवर माझं नाव नसतं, पण मशिनावर माझा स्टिकर असतो ना."

सगळीच गिऱ्हाइकं अशी हातची जातात असं नाही. एक सरपंच आले होते. त्यांना तासाला शंभर किलो जाळणारी भट्टी हवी होती. गावात रोजचा कचरा किती, याचा त्यांना पत्ता नव्हता. शेजारच्या गावानं पन्नासची घेतली होती, एवढा अभ्यास त्यांनी केला होता. अण्णांनी गावची घरं विचारली, गुरं विचारली, बाजाराचा वार विचारला आणि शेवटी म्हणाले, "सरपंच, ओला कचरा खड्ड्यात जिरवलात तर तुमच्याकडं जाळण्याजोगं आठवड्याला एक पोतं निघेल. शंभरची भट्टी तासात उपाशी पडेल." सरपंच विचारात पडले. मग खाजगीत वाकून म्हणाले, "साठची द्या. पण चिमणी त्यांच्यापेक्षा पाच फूट उंच पाहिजे."

ती मात्र अण्णांनी दिली.

या धंद्याचा हंगाम मार्च. आंब्याला मोहोर आला, की सप्लायरांचे फोन सुरू होतात. "मार्च महिन्यात महाराष्ट्रात कचरा एकदम वाढतो," अण्णा गंभीर चेहऱ्यानं सांगतात. "एकतीस तारखेला रात्री बारा वाजता तो आपोआप नाहीसा होतो." त्या महिन्यात निधी परत जाऊ नये म्हणून माल मागवला जातो, बिल आधी बनतं, मशीन मागून निघतं, आणि पैसे? पैसे दिवाळीला. उधारीच्या वहीला अण्णा 'राखेचं पान' म्हणतात.

ओल्या कचऱ्याचा विषय निघाला, की अण्णा तिमारपूरची पोथी उघडतात. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या कंपनीनं कचरा जाळून वीज करायचा कारखाना उभारला. दिवसाला तीनशे टन कचरा खायचा आणि पावणेचार मेगावॉट वीज द्यायची. कारखाना अव्वल होता, कचरा कमी पडला. म्हणजे ढीग होते, पण पेट घेणारे नव्हते. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, कलिंगडाच्या साली आणि झाडलोटीची माती. पुठ्ठा आणि कागद कचऱ्यात पडायच्या आधीच भंगारवाल्यानं उचललेला. कचरा जाळायला वरून इंधन घालायची वेळ आली आणि थोड्याच दिवसांत कारखाना थंडावला. "एक किलो उकळतं पाणी नुसतं वाफ करायला पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात," अण्णा टेबलावर बोट आपटतात. "डेन्मार्कच्या माणसानं भट्टी दिली. आपण तिला दुधी भोपळा खायला घातला." तेव्हापासून घरी दुधीची भाजी झाली, की अण्णा ताटाकडं पाहून "तिमारपूर" एवढंच म्हणतात. काकू तरीही वाढतात.

त्यांची खरी घुसमट होळीला होते. सोसायटीची होळी म्हणजे ओली लाकडं, वर एरंड, त्यावर कुणाकुणाच्या जुन्या चपला. पेटवली, की अर्धा तास काळा धूर. अण्णा नाकावर रुमाल धरून उभे. "ना हवा, ना तापमान, ना दुसरं चेंबर!" एका वर्षी त्यांना राहवलं नाही. त्यांनी दुपारीच मैदानात विटा मांडल्या, खालून हवा यायला वाटा ठेवल्या, लाकडं कोरडी आणवली, ढिली रचली, चपला काढून टाकल्या आणि गोडाउनातला छोटा ब्लोअर लांब वायरीनं जोडला. होळी पेटली ती फुर्रकन. धूर औषधालासुद्धा नव्हता. ज्वाळा डाळिंबीवरून केशरीवर गेल्या आणि अण्णांच्या चेहऱ्यावर नातवाच्या मुंजीतलं समाधान पसरलं.

पोरं मात्र गप्प. त्यांनी तोंडाशी हात नेले, पण बोंब फुटेना. डोळ्यांत धूर गेल्याशिवाय बोंब कशी मारायची? शेवटी एक पोरगं अण्णांजवळ येऊन म्हणालं, "आजोबा, पुढच्या वर्षी आपली नेहमीची करू या ना."

अण्णांनी दोन सेकंद घेतले. "करू या," म्हणाले.

मला त्यांच्याबरोबर एकदा फिरतीवर जायचा योग आला. वसुली आणि विकलेल्या मालाची विचारपूस अशी दुहेरी फेरी. एका शाळेत त्यांनीच पुरवलेलं भिंतीवरचं यंत्र होतं. खंडेनवमीचा झेंडू वाळून अजून त्याच्या गळ्यात होता. दार उघडलं तर आत खडूचे खोके.

"वापरत नाही का?"

"कसं वापरणार?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "तिथं प्लगच नाही."

अण्णा माझ्याकडं वळले. "मशीनचं टेंडर निघालं. प्लगचं निघालं नाही."

बाई मग मोकळ्या झाल्या. आधी दुसऱ्या कुणाकडून आलेलं एक स्वस्तातलं यंत्र होतं. ते वर्षभर चाललं, पण त्याला एकच कप्पा, आणि धुराचा पाइप नेमका आठवीच्या खिडकीखाली निघालेला. मुली वासानं हैराण व्हायच्या, लाजेनं बोलायच्या नाहीत. शेवटी एकीनं पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. "तिचं बरोबर होतं," अण्णा म्हणाले. हे ते हसत म्हणाले नाहीत. शाळेतून बाहेर पडल्यावर त्यांनी वायरमन शोधला, प्लगचे पैसे खिशातून दिले आणि मला बजावलं, "काकूला सांगू नकोस. मी वसुलीला आलोय."

परतीच्या वाटेवर चहा घेताना ते म्हणाले, "तीस वर्षांत हजारो माणसांनी माझ्याकडं भट्टी बघितली. दार बघतात, चिमणी बघतात, रंग कुठला येईल विचारतात. राखेचं दार कुठं आहे, असं विचारणारी दोघंच भेटली. बाकीच्यांना वाटतं, आत टाकलं की संपलं." चहाचा कप त्यांनी कचऱ्याच्या डब्याशी नेला, आत डोकावून पाहिलं आणि मग टाकला. "संपत काही नाही रे. फक्त लहान होतं."

त्यांचं हे वाक्य मनात राहिलं, आणि त्यातूनच पुढचं घडलं. मी घर बदलत होतो. माळ्यावर माझ्या लेखांच्या हस्तलिखितांची दोन पोती निघाली. संपादकांनी साभार परत केलेले, काही आभारही न मानता परत आलेले, काही मीच लाजेनं न पाठवलेले. पंचवीस वर्षांचा ऐवज. रद्दीत द्यायचं तर कुणीतरी भेळ खाताना वाचील, ही भीती. मी पोती रिक्षात घालून भोसरी गाठली.

"अण्णा, डेमोची भट्टी आहे ना? हे जाळायचंय."

अण्णांनी पोत्यातून एक पान काढलं. बोटांत धरून चुरून पाहिलं, नाकाशी नेलं, उजेडात धरलं. "ओलावा नाही. शाई कमी. कॅलोरिफिक व्हॅल्यू उत्तम आहे तुझ्या लेखनाची."

पंचवीस वर्षांत माझ्या लेखनाला मिळालेला हा पहिला स्पष्ट अनुकूल अभिप्राय.

"मग जाळा."

"आणि राख कुठं टाकणार?"

हा प्रश्न विचारणारा मी तिसरा व्हायला हवा होतो. झालो नाही.

अण्णांनी मग पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. मी कायम एकाच बाजूला, मोठा समास सोडून लिहीत आलो, संपादकाला सोयीचं पडावं म्हणून. अण्णांचे डोळे लकाकले. रंग सांगायचा तर केशरी.

"पोरा, हे सगळं पाठकोरं आहे. जाळायचं ते, जे कुणालाच नको असतं."

पोती टेबलाखाली गेली. मी घरी आलो, नव्या घरात रमलो आणि विसरलो. सहाएक महिन्यांनी मार्च उजाडला. एका रात्री अण्णांचा फोन आला.

"अरे, कुठल्या ग्रामपंचायतीच्या क्लार्कचा फोन होता. कोटेशन पोचलं म्हणाला. दर जास्त वाटतोय, पण मागचं वाचून काढलं. नायक विहिरीपाशी गेलाय, तिथंच पान संपलंय. पुढचं पान पाठवा म्हणतोय."

माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं पुढचं पान मागत होतं. मी श्वास रोखून विचारलं, "मग? पाठवलंत?"

पलीकडं दोन सेकंद शांतता.

"अरे, ते परभणीच्या पार्टीला गेलं ना. सहा नगांच्या कोटेशनवर."